कपाटातले कागद संगणकात नेताना: छोट्या उद्योजकासाठी पहिली पावलं

छोट्या कारखानदाराचे पैसे अडकण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे माल पोचल्याची सही-शिक्क्याची चलनाची प्रत वेळेला सापडत नाही. मोठी कंपनी बिल अडवते, "माल मिळाल्याची पोच दाखवा" म्हणते, आणि ती पोच ड्रायव्हरच्या खिशातून निघून ऑफिसातल्या कुठल्यातरी बॉक्स फाईलमध्ये जाऊन बसलेली असते. कायदा खरं तर तुमच्या बाजूने आहे. एमएसएमईडी म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. पण त्यासाठी याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागायची तर परचेस ऑर्डर, बिल आणि पोच तिन्ही हातात हवं. कागद डिजिटल करण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसतो. आपल्या हक्काचे पैसे मागताना पुरावा लगेच समोर ठेवता येतो. कपाट रिकामं होतं, जागा वाचते हेही खरं, पण ते दुय्यम आहे.

दुसरा फायदा जीएसटीचा. एखाद्या जुन्या खरेदीवरच्या इनपुट क्रेडिटबद्दल, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीबद्दल, नोटीस येते तेव्हा अधिकारी नुसतं बिल बघून थांबत नाही. माल खरंच तुमच्या गोदामात आला का, हे तो विचारतो. मग लागतात ई-वे बिल, ट्रान्सपोर्टरची बिल्टी (माल वाहतुकीची पावती), वजनकाट्याची पावती आणि बँकेतून पैसे दिल्याची नोंद. हे चार कागद चार वेगवेगळ्या फायलींत असले तर उत्तराची मुदत शोधण्यातच संपते.

तिसरा फायदा कोकणातल्या आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठांत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा मालाबरोबर दप्तरही बुडालं. विम्याचा सर्व्हेअर येतो आणि माल किती होता ते सिद्ध करायला स्टॉक रजिस्टर आणि खरेदीची बिलं मागतो. माल आणि त्याची बिलं एकाच खोलीत, एकाच पाण्याखाली गेली असतील तर दाखवणार काय?

आता कामाकडे येऊ.

पहिलं पाऊल: जुनं कपाट सध्या बंदच ठेवा

नवशिक्यांचा उत्साह हमखास जुन्या कपाटावर खर्च होतो. दहा वर्षांच्या फायली जमिनीवर काढल्या जातात, आठवडाभर स्कॅनिंग चालतं, मग मार्चअखेर येते आणि सगळा पसारा पुन्हा पोत्यांत जातो. त्याऐवजी एक तारीख ठरवा, महिन्याची १ तारीख सोयीची. त्या दिवसापासून ऑफिसात येणारा प्रत्येक कागद त्याच दिवशी संध्याकाळी स्कॅन होईल, एवढाच नियम ठेवा. रोजचे पंधरा-वीस कागद असतील तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. ते एका ठरावीक माणसाकडे द्या आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण करेल तेही सांगून ठेवा. "ज्याला वेळ असेल तो करेल" असं ठेवलं तर ते कुणीच करत नाही.

हे दोन-तीन महिने नीट चाललं की हात बसतो, नावं देण्याची पद्धत पक्की होते. जुन्या कपाटाला हात घालायची वेळ तेव्हा येते.

दुसरं पाऊल: एक व्यवहार, एक पीडीएफ

या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. बिलं बिलांच्या फोल्डरात, बिल्ट्या बिल्ट्यांच्या फोल्डरात अशी विभागणी कागदाच्या फायलींसाठी ठीक होती. संगणकात तसं करण्याची गरज नाही. खरेदीचं बिल, त्याचं ई-वे बिल, बिल्टी आणि काटापावती हे चारही कागद एकापाठोपाठ स्कॅन करा आणि एकच पीडीएफ बनवा. विक्रीचंही तसंच: ग्राहकाची परचेस ऑर्डर, आपलं बिल, सही-शिक्क्यासकट परत आलेलं चलन. पोच दोन दिवसांनी आली तर ती त्याच पीडीएफला जोडायची. ज्या पीडीएफला पोच जोडायची बाकी आहे, तिच्या नावाच्या शेवटी 'पोच-बाकी' असं लिहून ठेवा. शनिवारी फक्त 'पोच-बाकी' शोधलं की कोणत्या ड्रायव्हरकडून किंवा कोणत्या कंपनीच्या स्टोअरमधून कागद यायचा आहे त्याची यादीच समोर येते. ही साधी सवय वसुलीत किती मदत करते ते पहिल्याच तिमाहीत दिसेल.

तिसरं पाऊल: मोबाईल की स्कॅनर

दिवसाला वीसपर्यंत कागद असतील तर मोबाईल पुरतो. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे, आयफोनवर नोट्समध्ये आहे. दोन्ही ॲप्स कागदाच्या कडा ओळखून तो सरळ करतात आणि पीडीएफ बनवतात. साधा फोटो काढू नका, स्कॅनच करा. कॅमस्कॅनर या स्कॅनिंग ॲपवर भारत सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातलेली आहे. जुन्या फोनमध्ये ते अजून असेल तर काढून टाका, आणि त्यातले कागद आधी बाहेर घ्या.

रोजचे कागद जास्त असतील, तर कागदांचा गठ्ठा आपोआप ओढून घेणारा एडीएफ स्कॅनर हवा. तो दोन्ही बाजू एकाच वेळी वाचणारा असेल तर उत्तम. खरेदीला जाण्याआधी ऑफिसातला प्रिंटर बघा. बऱ्याच ठिकाणी ऑल-इन-वन प्रिंटरच्या डोक्यावर एडीएफ असतो आणि तो झेरॉक्सपलीकडे कधी वापरलेलाच नसतो.

एक सूचना व्हॉट्सॲपबद्दल. फोटो म्हणून पाठवलेला कागद तिथे दाबला जातो, बारीक आकडे पुसट होतात. ड्रायव्हरला पोच पाठवायला सांगताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला शिकवा.

चौथं पाऊल: कागद स्कॅनरवर ठेवण्याआधी

इथे घाई करू नका, कारण पुढच्या बहुतेक तक्रारी इथून येतात. स्टेपलर पिना आणि टाचण्या काढा. एक पिन आत गेली तर काचेवर चरा पडतो आणि मग प्रत्येक पानावर उभी रेघ येत राहते. चरा नसताना रेघ आली तर काचेवर चिकटपट्टीचा डिंक बसलेला असतो, मऊ ओलसर कपड्याने पुसला की जातो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, कागद सर्दावतात आणि दोन-दोन पानं एकत्र ओढली जातात. गठ्ठा आधी पंख्याखाली मोकळा करून ठेवायचा.

थर्मल कागदाच्या पावत्या वेगळ्या काढा. काटापावती, टोल, पेट्रोल पंप, एटीएमच्या पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या थराच्या असतात, त्यांत शाई नसते. उन्हात, गरम जागी, आणि प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवल्यावरही, त्या काही महिन्यांत पांढऱ्या पडतात. लोक जपून म्हणून प्लास्टिकमध्ये घालतात, आणि नेमकं तिथेच अक्षर लवकर उडतं. या पावत्या उद्यावर टाकायच्या नाहीत.

आणि कागद उलटून बघा. चलनाच्या मागे स्टोअरकीपरने पेनाने लिहिलेलं असतं, "२ नग कमी" किंवा "पेटी ओली". पुढे वाद झाला तर अख्ख्या चलनात तेवढीच ओळ महत्त्वाची ठरते. मागची बाजू कोरी दिसली तरी दोन्ही बाजूंचं स्कॅनिंग चालू ठेवा, कोरी पानं नंतर काढता येतात.

पाचवं पाऊल: सेटिंग

डीपीआय म्हणजे स्कॅनची बारकाई, दर इंचाला किती ठिपके ते. ती ३०० ठेवा. ए-फोर कागद त्यात साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा होतो, बारीक छपाई नीट वाचता येते. २०० वर आकडे चुकायला लागतात आणि ६०० वर फाईल विनाकारण फुगते. सही-शिक्क्याचे कागद रंगीतच स्कॅन करा. निळी सही आणि जांभळा शिक्का छापील मजकुरापासून वेगळा दिसला पाहिजे. कार्बन कॉपी 'ब्लॅक अँड व्हाइट'मध्ये कधीच करू नका, अर्धी अक्षरं जातात. त्यासाठी ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांचं सेटिंग. साठवताना पीडीएफ-ए हा पर्याय दिसला तर तो निवडा. तो खास दीर्घकाळ जपण्यासाठीचा प्रकार आहे, लागणारे फॉन्ट वगैरे फाईलमध्येच सामावलेले असतात.

जागेची काळजी अनेकांना वाटते. एक पान सरासरी अर्ध्या एमबीचं धरलं तर एक लाख पानं ५० जीबीत बसतात. बॉक्स फाईलमध्ये ३५० कागद मावतात असं धरा, म्हणजे अशा सुमारे २८५ फायली एका छोट्या हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात जातात.

स्कॅन झाल्यावर बघणं मात्र सोडायचं नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती, ६ चा ८ होत होता. घराच्या नकाशावरची खोल्यांची मापं मूळ कागदाशी जुळेनात म्हणून हे उघडकीला आलं. फाईल लहान करण्याच्या एका पद्धतीत सारखी दिसणारी अक्षरं एकमेकांच्या जागी बसवली जात होती. छपाई स्वच्छ होती, आकडा चुकीचा. म्हणून सगळ्यात जास्त दाबणारं सेटिंग आकड्यांच्या कागदाला वापरू नका, आणि दर गठ्ठ्यातले दोन-चार कागद मूळ कागद शेजारी ठेवून ताडून बघा. बेरीज, जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख एवढं पुरे.

सहावं पाऊल: नाव

'स्कॅन००४७' नावाची फाईल म्हणजे हरवलेलाच कागद. नावात चार गोष्टी हव्यात: तारीख, खरेदी की विक्री, समोरची पार्टी, बिल क्रमांक. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, म्हणजे 2025-06-14. मग फाईली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. १४-०६ असं आधी दिवस लिहिलं तर सगळ्या महिन्यांच्या चौदा तारखा एकत्र येऊन बसतात. नाव देवनागरीत लिहा की इंग्रजीत, दोन्ही चालतं, पण एकच धरा. अंक मात्र कायम इंग्रजीच वापरा, कारण संगणक देवनागरी अंक वेगळे मोजतो आणि क्रम फुटतो.

पार्टीच्या नावाची गडबड सगळीकडे होते. एकाच पुरवठादाराचं नाव कुणी ट्रेडर्स, कुणी ट्रेडिंग कंपनी, कुणी नुसतं मालकाच्या आडनावाने लिहितं. पार्ट्यांची यादी करून प्रत्येकीला चार-पाच अक्षरांचं एक ठरलेलं छोटं नाव द्या आणि ती यादी स्कॅनरशेजारच्या भिंतीला चिकटवा.

फोल्डर फार खोल नेऊ नका. वरती आर्थिक वर्ष, त्यात खरेदी, विक्री, बँक, कामगार, कर, आणि हवे तर महिने. वर्षाबाहेर एक स्वतंत्र फोल्डर हवा: परवाने आणि करार. गुमास्ता परवाना, जीएसटी आणि उद्यमची प्रमाणपत्रं, फायर एनओसी, भाडेकरार, विमा पॉलिसी हे सगळं त्यात. टेंडर भरताना किंवा बँकेत कर्जाची फाईल देताना हाच फोल्डर उघडायचा असतो. परवान्याच्या नावात संपण्याची तारीख लिहिली तर नूतनीकरण चुकत नाही.

मजकूर ओळखणारं ओसीआर असेल तर चालू करा. छापील मराठी ते बऱ्यापैकी वाचतं. टेसरॅक्ट हे फुकट मिळणारं ओसीआर मराठीला चालतं. हाताने लिहिलेल्या वह्या आणि मोडीतली जुनी दस्तं त्याच्या भरवशावर सोडू नका. तिथे नाव हाच आधार.

सातवं पाऊल: तीन प्रती

मूळ एक आणि आणखी दोन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा एकाच ठिकाणी ठेवलेल्या फायलींचं काय होतं ते सगळ्या राज्याने पाहिलं. छोट्या व्यवसायाला झेपेल अशी व्यवस्था: ऑफिसचा संगणक, क्लाउड, आणि एक बाहेरची हार्ड डिस्क जी दर शनिवारी जोडून प्रत घ्यायची आणि परत घरी न्यायची. पूरक्षेत्रात असाल तर घरही वरच्या मजल्यावरचं किंवा वेगळ्या भागातलं बघा.

क्लाउडचं सिंक, म्हणजे संगणकातला बदल आपोआप क्लाउडवर जाणं, हा बॅकअप नव्हे. ऑफिसात कुणी फोल्डर उडवला की तो क्लाउडवरूनही उडतो. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर त्याच कुलूपबंद फायली वर जातात. म्हणून एरवी काढून ठेवलेली, वायर न जोडलेली डिस्क हवीच. शिवाय दर तीन महिन्यांनी त्या डिस्कवरची एखादी जुनी फाईल उघडून बघा. जीएसटीच्या नियमांनाही हेच अपेक्षित आहे: नोंदी इलेक्ट्रॉनिक ठेवल्या तर अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने त्या नष्ट झाल्यावर ठरावीक वेळात परत उभ्या करता येतील असा बॅकअप पाहिजे.

क्लाउडचं खातं फर्मच्या नावाने काढा आणि ओटीपी मालकाच्या मोबाईलवर येऊ द्या. अकाउंटंटच्या स्वतःच्या जीमेलवर सगळं दप्तर असतं आणि तो नोकरी सोडतो, हे फार ठिकाणी घडतं.

आठवं पाऊल: कोण काय बघू शकेल

कामगारांचे आधार, पॅन, बँक पासबुक, डॉक्टरी दाखले हे सगळ्यांसाठी उघडं नको. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा छोट्या व्यवसायालाही जबाबदारी देतो, आणि कायदा नसता तरी दुसऱ्याचे कागद सांभाळणं हे आपलं कर्तव्यच आहे. कामगारांचा फोल्डर मालक आणि पगार करणारा, एवढ्यांनाच दिसू द्या. जिथे चालतं तिथे शेवटचे चार अंकच दिसणारं मास्क्ड आधार घ्या. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचंही आधार टाकायचं नाही, हा नियम लेखी लावा.

मूळ कागदाचं काय करायचं

हा प्रश्न सगळे विचारतात आणि इथेच चुका महाग पडतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडून इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात देता येते. त्या प्रमाणपत्रासाठी कोणत्या यंत्रातून आणि कुणाच्या ताब्यात हे काम झालं ते सांगावं लागतं, म्हणून स्कॅनची तारीख आणि करणाऱ्याचं नाव असलेली एक छोटी नोंदवही सुरुवातीपासून ठेवा. तरीही कागदावर झालेल्या व्यवहारात मूळ कागद हाच पहिला पुरावा धरला जातो. स्कॅन हाती आहे म्हणून मूळ फाडू नका.

काही कागद कधीच टाकायचे नाहीत: नोंदणीकृत दस्त, स्टॅम्प पेपरवरचे करार, वचनचिठ्ठ्या, मुखत्यारपत्र, बँक गॅरंटी, वटला नाही म्हणून परत आलेला चेक आणि त्याचा बँकेचा मेमो. ज्या व्यवहारात वाद चालू आहे त्याचा कुठलाही कागद.

बाकीच्यांसाठी मुदती आहेत. जीएसटीत त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने नोंदी ठेवायच्या असतात. २०२३-२४ चं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ ला देय होतं, म्हणजे ते कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष, यांतलं जे नंतर येईल ते. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायद्यात ८ वर्षं आहेत, आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा. आयकराच्या मुदती सीएला विचारून लिहून घ्या आणि सगळ्यांत लांबची मुदत धरा.

आता जुनं कपाट

रोजचं काम बसलं की मागे जा, पण वर्षांच्या क्रमाने नको. आधी जागेचे आणि परवान्यांचे कागद, मग ज्यांची वसुली किंवा वाद बाकी आहे ते, मग चालू वर्षाआधीची दोन-तीन वर्षं. कारखान्याच्या जमिनीचे जुने उतारे घरात जीर्ण झाले असतील तर राज्य सरकारच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर स्कॅन केलेले जुने महसुली कागद बघून घ्या, आणि चालू सातबारा डिजिटल सहीचा मिळतो. वाळवी लागलेले, चिकटलेले कागद एडीएफमधून घालू नका, मोबाईलने वरून टिपा.

ज्यांची मुदत संपली आहे त्या गठ्ठ्यांची वर्ष आणि प्रकारानुसार यादी करा, सीएकडून होकार घ्या आणि मगच रद्दी काढा. आधार, पॅन, चेक, सह्या असलेले कागद किलोवर विकू नका. ते श्रेडरमधून काढा किंवा पाण्यात भिजवून लगदा करा. नष्ट केलेल्या कागदांच्या यादीवर तारीख घालून मालकाने सही करावी आणि ती यादीही स्कॅन करून चालू वर्षाच्या 'कर' फोल्डरमध्ये ठेवावी.